पोस्ट वाचू नका, खालचं भांडण वाचा

राउंडवर कुणी रेसिडेंट (स्पेशालिटी शिकणारा डॉक्टर) म्हणाला की "हे मी ट्विटरवर वाचलं", तर कन्सल्टंट लोकांचे दोनच प्रकार दिसतात. एक लगेच तोंड वाकडं करतो, आधी टेक्स्टबुक वाच म्हणतो आणि विषय संपवतो. दुसरा खूश होतो, हो हो मी पण बघितला तो थ्रेड, भारी आहे, म्हणतो आणि विषय तिथेच संपवतो. मला दोघांचाही वैताग येतो, कारण पुढचा प्रश्न दोघंही विचारत नाहीत. कुणी लिहिलं होतं, कशाच्या जोरावर लिहिलं होतं, आणि खाली कुणी काय आक्षेप घेतला होता? यातला शेवटचा प्रश्न माझ्या मते सगळ्यात कामाचा आहे आणि तोच कुणी विचारत नाही.

(जुलै २०२३ मध्ये त्याचं एक्स झालं हे मला माहितीये. मी ट्विटरच म्हणणार. सवय आहे, सोडून द्या.)

मी अ‍ॅनेस्थेशिया आणि क्रिटिकल केअरमधली, त्यामुळे उदाहरणं त्याच बाजूची येतील. पण मुद्दा कुठल्याही स्पेशालिटीला लागू आहे. एमबीबीएसच्या पोरांसाठी काय योग्य हा वेगळा विषय, मी इथे बोलतेय ते स्पेशालिस्ट होऊ घातलेल्या आणि झालेल्या लोकांबद्दल. त्यांना बेसिक येतं असं आपण धरून चालतो (चालतो खरं), त्यांचा प्रश्न असतो तो रोज बदलणाऱ्या गोष्टींचा, आणि "पुस्तकात असं आहे पण सगळे तसं करतात, मग बरोबर कोण" या प्रकारच्या शंकांचा.

थोडा इतिहास सांगते, नव्या मुलांना तो माहीत नसतो. हे सगळं मनावर घेतलं ते सगळ्यात आधी इमर्जन्सी मेडिसिनवाल्यांनी. जून २०१२ मध्ये डब्लिनला त्यांची आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्स होती, आणि तिथल्या एका पबमध्ये, समोर गिनेसचा ग्लास असताना, माइक कॅडोगन या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरने फोम हे नाव काढलं, म्हणजे फ्री ओपन अ‍ॅक्सेस मेडिकल एज्युकेशन. गोष्ट अर्थात नावाच्या आधीपासून चालू होती. रेडिओपीडिया (एक्स-रे, स्कॅनची वेबसाइट) फ्रँक गेलार्ड या रेडिओलॉजिस्टने २००५ मध्येच सुरू केलं होतं, स्टीफन स्मिथचा इसीजीचा ब्लॉग २००८ पासून चालू आहे, स्कॉट वाइनगार्टचं ईएमक्रिट पॉडकास्ट २००९ पासून, आणि कॅडोगनचा स्वतःचा लाइफ इन द फास्ट लेन हा ब्लॉग होताच. या सगळ्यांना जोडणारी गल्ली म्हणजे ट्विटर. पुढे २०१३ मध्ये सिडनीला स्मॅक नावाची कॉन्फरन्स सुरू झाली, ती तर याच लोकांची जत्रा होती.

इमर्जन्सीवालेच पुढे का होते? मला वाटतं कारण साधं आहे. शिफ्ट ड्युटी, त्यामुळे सगळा डिपार्टमेंट एका वेळी एका खोलीत कधीच नसतो, क्लास घ्यायचा तरी कुणाचा. आणि विषय इतका पसरलेला की एकाच माणसाला सगळं येतंय असं कुणी म्हणूच शकत नाही, त्यामुळे "मला विचारल्याशिवाय बोलायचं नाही" छापाचे गुरुजी तिथे कमी. शिवाय संशोधनातून निघालेली गोष्ट पेशंटपर्यंत पोचायला सरासरी १७ वर्षं लागतात असा एक आकडा २००० सालापासून सगळीकडे फिरतोय. तो आकडा नेमका कसा काढला यावर वाद घालता येईल, पण उशीर होतो हे कुणी नाकारत नाही, आणि तो उशीर इमर्जन्सीत सगळ्यात आधी बोचतो.

आता चांगलं उदाहरण. स्मिथचा इसीजी ब्लॉग.

हार्ट अटॅकमध्ये आपण सगळे एसटी एलिव्हेशन, म्हणजे इसीजीतला एसटी हा भाग वर उचललेला, शोधायला शिकलो. शेजारच्या दोन लीडमध्ये इतके मिलिमीटर वर आलं की कॅथ लॅब (अँजिओग्राफीची खोली) उठवायची, नाही आलं की ट्रोपोनिनची रक्ततपासणी पाठवून थांबायचं. प्रॉब्लेम असा की रक्तवाहिनी पूर्ण बंद झालीये की नाही हे ती आपल्या मिलिमीटरला विचारून ठरवत नाही. २०१७ च्या एका मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून) नॉन-एसटी एलिव्हेशन म्हणून लेबल लावलेल्या पेशंटपैकी साधारण एक चतुर्थांश लोकांची वाहिनी अँजिओग्राफीत पूर्ण बंद सापडली. म्हणजे चारातला एक, ज्याला लगेच न्यायला हवं होतं, तो वॉर्डात ट्रोपोनिनची वाट बघत पडलेला. स्मिथ हे वर्षानुवर्षं केस टाकून टाकून दाखवत होता. आधी फक्त इसीजी. मग पेशंटची थोडी माहिती. मग त्या रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरने काय ठरवलं, कार्डिऑलॉजिस्ट काय म्हणाला, अँजिओत काय निघालं, दुसऱ्या दिवशी एकोवर काय दिसलं. शेवट सांगितल्याशिवाय केस संपायची नाही. २०१८ मध्ये त्याने, पेंडेल मायर्सने आणि वाइनगार्टने मिळून "स्टेमी सोडा, ऑक्लूजन एमआय म्हणा" असं उघड मांडलं, म्हणजे एसटी वर आलंय का ते सोडा, वाहिनी बंद आहे का त्यावरून हार्ट अटॅकचं नाव ठरवा. त्यावर कार्डिऑलॉजीवाल्यांनी भरपूर वाद घातला, काहींनी ठाम विरोध केला, मग त्यावर पेपर निघाले, कॉम्प्युटरला ते इसीजी शिकवायचे प्रयत्न झाले. अजूनही सगळे मानत नाहीत. पण बघा, एक कल्पना ब्लॉगवर जन्मली, सगळ्यांसमोर मार खाल्ला, आणि मार खाऊन खाऊन सुधारत जर्नलपर्यंत गेली. हे मला कुठल्याही टेक्स्टबुकात बघायला मिळालं नसतं, कारण टेक्स्टबुक आपल्याला वाद संपल्यानंतरचा निकाल देतं. स्पेशालिस्टला निकालाइतकाच वादही माहीत असायला लागतो, कारण उद्या पेशंटसमोर उभं राहून तो निकाल इथे लागू होतो की नाही हे त्यालाच ठरवायचंय.

आणि आता दुसरी बाजू. व्हिटॅमिन सी.

२०१७ मध्ये पॉल मॅरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पेपर चेस्ट या जर्नलमध्ये आला. सेप्सिसच्या (इन्फेक्शनने अवयव निकामी होऊ लागलेल्या) पेशंटना व्हिटॅमिन सी, हायड्रोकॉर्टिसोन आणि थायमिन एकत्र द्यायचं. ४७ पेशंट उपचारातले, ४७ आधीच्या काळातले तुलनेसाठी. मृत्यूदर ८.५ टक्के विरुद्ध ४०.४ टक्के. वाचून ज्याचे डोळे विस्फारले नाहीत तो आयसीयूत कधी ड्युटी केलेलाच नाही. स्वस्त औषधं, तीनही कपाटात पडलेली, साइड इफेक्ट फारसे नाहीत असं वाटणारी, आणि सेप्सिस म्हणजे आपल्याला रोज हरवणारा आजार. पसरलं ते सगळं, काय पसरलं! ग्रुपवर प्रोटोकॉलचे फोटो, डोसचे तक्ते, "आमच्याकडे सुरू केलं, फरक दिसतोय" असे मेसेज.

मग ट्रायल आल्या. जानेवारी २०२० मध्ये व्हिटॅमिन्स नावाची ट्रायल जामा या जर्नलमध्ये आली, काही फायदा नाही. त्यानंतर आणखी आल्या, फायदा नाही. आणि जून २०२२ मध्ये लोव्हिट आली, न्यू इंग्लंड जर्नलमध्ये, ८७२ पेशंट, फक्त व्हिटॅमिन सी विरुद्ध प्लासिबो (औषध नसलेला डोस). २८ दिवसांत मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण व्हिटॅमिन सीवाल्यांत ४४.५ टक्के, प्लासिबोवाल्यांत ३८.५ टक्के. म्हणजे फायदा सोडाच, उलट नुकसानच झालं. आणि ही बातमी किती ग्रुपवर आली? ज्या उत्साहाने २०१७ चे तक्ते फिरले त्याच्या पासंगालाही नाही.

इथे तोंड वाकडं करणारे कन्सल्टंट म्हणतील, बघा, सांगत होतो ना. पण थांबा. २०१७ मध्येच, पेपर आल्या आल्या, त्याच सोशल मीडियावर खाली लोक लिहीत होते की अहो हे बिफोर-आफ्टर आहे (आधीच्या पेशंटशी तुलना), रँडमाइज केलेलं (चिठ्ठी टाकून विभागलेलं) नाही, एकच सेंटर, इतके थोडे पेशंट, आणि इतका मोठा फायदा आयसीयूतल्या कुठल्याच औषधाने आजवर दिलेला नाही म्हणून तर जास्त संशय घ्यायला पाहिजे. क्रिटिकल अप्रेझलचा, म्हणजे पेपर पारखायचा, अख्खा धडा तिथे फुकट पडलेला होता. ज्यांनी फक्त वरची पोस्ट वाचली त्यांनी प्रोटोकॉल उचलला, ज्यांनी खालची भांडणं वाचली त्यांना ट्रायल येईपर्यंत थांबायचं कळलं.

आणि वेगाला शिव्या देणाऱ्यांसाठी आणखी एक. १६ जून २०२० ला रिकव्हरी ट्रायलने प्रेस रिलीज काढली की कोविडमध्ये डेक्सामिथॅसोनने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले. पेपर नाही, प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासायच्या आधीचा मसुदा) सुद्धा नाही, नुसती प्रेस रिलीज. ट्विटरवर दोन तट पडले, एक म्हणतो आजच सुरू करा, दुसरा म्हणतो डेटा दाखवल्याशिवाय हात लावणार नाही. काही दिवसांनी प्रीप्रिंट आली, मग पेपर, आणि गोष्ट खरी निघाली. व्हिटॅमिन सी आणि डेक्सामिथॅसोन, दोन्ही बातम्या आपल्याकडे सारख्याच आल्या, मोबाइलवर, धाडकन, कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या. दोन्ही औषधं स्वस्त, दोन्ही कपाटात. फरक कुठे होता? एकात ४७ आणि ४७, मागच्या काळाशी तुलना. दुसऱ्यात ६,४२५ पेशंट, चिठ्ठी टाकून विभागलेले. बातमी आली त्याच दिवशी हा फरक दिसत होता, फक्त तो बघायला शिकवलेलं असायला लागतं. म्हणून मी रेसिडेंटना सांगते की ट्विटर बंद करू नका, ट्रायल डिझाइन शिका, मग ट्विटर आपोआप कामाचं होतं. उलट क्रमाने गेलात तर कठीण आहे.

जर्नल क्लबचं तर या माध्यमाने सोनं केलंय असं माझं प्रामाणिक मत. आपला पारंपरिक जर्नल क्लब कसा असतो तुम्हाला माहितीये. सगळ्यात ज्युनियर माणूस आदल्या रात्री स्लाइड करतो, अ‍ॅब्स्ट्रॅक्टच चार स्लाइडवर चिकटवतो, शेवटी एक सीनियर "सँपल साइज लहान आहे" म्हणतो (कुठलाही पेपर असो, हे वाक्य चालतंच) आणि सगळे उठतात. युरॉलॉजीवाल्यांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये ट्विटरवर आंतरराष्ट्रीय जर्नल क्लब सुरू केला, चर्चा ४८ तास उघडी, म्हणजे कुणी कुठल्याही देशात असो आणि ओटीतून कधीही सुटो, येऊन बोलू शकतो. नेफ्रॉलॉजीत (किडनीच्या स्पेशालिटीत) जोएल टोफ आणि स्वप्निल हिरेमठ यांनी २०१४ मध्ये नेफजेसी हा तसाच जर्नल क्लब सुरू केला. आणि इथे काय होतं की पेपरचे लेखक स्वतः येतात. तुम्ही रेसिडेंट आहात, तुम्हाला टेबल तीनमधला एक आकडा खटकला, तुम्ही विचारलंत, आणि ज्याने ती ट्रायल केली तो माणूस उत्तर देतोय. आमच्या वेळी लेखकाला प्रश्न विचारायचा म्हणजे एडिटरला पत्र, ते छापून येईपर्यंत आम्ही परीक्षा पास होऊन बाहेर. नेफ्रॉलॉजीवाल्यांचं अजून एक वेड म्हणजे नेफमॅडनेस, २०१३ पासून दर मार्चमध्ये, बास्केटबॉलच्या स्पर्धेसारखं किडनीचे विषय एकमेकांविरुद्ध लढवतात आणि लोक कोण जिंकणार याचे अंदाज लावतात. ऐकायला पोरकट वाटतं. पण अंदाज लावायचा तर दोन्ही विषय वाचायला लागतात ना.

हा "अंदाज लावायला लागतो" मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा रेंगाळते. २००६ मध्ये रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे बरेच पुढे. आणि गंमत म्हणजे जास्त आत्मविश्वास होता तो पुन्हा वाचणाऱ्यांना. आता फीडवर आपण काय करतो बघा. सुंदर थ्रेड, बाण काढलेले फोटो, प्रत्येक वाक्य पटतंय, मान डोलतेय, बुकमार्क. वाटतं शिकलो. हे तर पुन्हा वाचण्यापेक्षाही खालचं, कारण इथे आपण एकदाच वाचलं आणि तेही लिफ्टमध्ये. ट्यूटोरियलसारखे थ्रेड लिहिणारे जे खरंच चांगले असतात, म्हणजे उदाहरणार्थ टोनी ब्रू, ते सुरुवातीला प्रश्न टाकतात, पोल लावतात, हे का होत असेल सांगा बरं, आणि मग उलगडत नेतात. तिथे पोलमध्ये मत न देता नुसतं खाली सरकलात तर अर्धा फायदा गेला. चुकीचं मत दिलंत तरी चालेल, तिथे मार्क कापायला कुणी बसलेलं नाहीये, पण मत द्या आणि मग पुढे जा.

याच कारणाने व्हिज्युअल अ‍ॅब्स्ट्रॅक्टबद्दल (पेपरचा चित्रांतला सारांश) माझं मत जरा वाकडं आहे. २०१६ मध्ये अँड्रू इब्राहिम या सर्जनने अ‍ॅनल्स ऑफ सर्जरीसाठी ते सुरू केले, तीन चौकोन, तीन चित्रं, तीन आकडे. पुढच्याच वर्षी त्यांनी तुलना करून दाखवलं की नुसतं शीर्षक ट्वीट करण्यापेक्षा चित्र टाकलं की रीट्वीट आठपटीहून जास्त होतात आणि मूळ पेपर उघडणारे पावणेतीन पट. नीट बघा, रीट्वीट आठपट पण वाचणारे तिप्पटसुद्धा नाहीत. म्हणजे न वाचता पुढे ढकलणारे किती वाढले हिशोब करा. जर्नलसाठी ही जाहिरात आहे आणि जाहिरात म्हणून उत्तमच आहे. सोशल मीडियाने पेपरचे व्ह्यूज वाढतात का, सायटेशन (दुसऱ्या पेपरांनी दिलेले संदर्भ) वाढतात का, यावर रँडमाइज्ड ट्रायलसुद्धा झाल्यात, सर्क्युलेशन या जर्नलवाल्यांना २०१५ मध्ये काहीच फरक दिसला नाही, थोरॅसिक सर्जरीवाल्यांना २०२० मध्ये वर्षभरातली सायटेशन वाढलेली दिसली. पण हे सगळे जर्नलचे फायदे. वाचणाऱ्या रेसिडेंटला काय आलं हे त्यात कुणी मोजलेलंच नाही.

इमेजवाल्या स्पेशालिटींना, म्हणजे रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी, डर्मा, यांना हे माध्यम वरदान आहे हे उघड आहे. लहान सेंटरमध्ये एकटा पॅथॉलॉजिस्ट, विचित्र स्लाइड, आणि जगातले पाच एक्सपर्ट तासाभरात मत देतात. पण एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. फीडमधल्या प्रत्येक चेस्ट एक्स-रेमध्ये काहीतरी असतंच! कुणीही नॉर्मल एक्स-रे टाकून "बघा, काही नाही" असं लिहीत नाही. प्रत्यक्ष ड्युटीवर बहुतेक फिल्म नॉर्मल असतात आणि नॉर्मलला नॉर्मल म्हणायचं धाडस हेच तर अवघड कौशल्य. फीडवर वाढलेला मुलगा हमखास दोन चुका करतो, नसलेलं शोधून काढतो, आणि दुर्मिळ निदान आधी म्हणतो. शिवाय फीडवर निवडलेली एकच इमेज असते, खऱ्या सीटीत शेकडो कापांतून ती एक शोधायची असते, आणि शिकायचं असतं ते शोधणंच. (व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं हे वेगळंच, त्यात बारीक नोड्यूल कुठे जाईल सांगता येत नाही. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.)

तसंच विषयांचं. २०१६ मध्ये कुणीतरी इमर्जन्सी मेडिसिनच्या फोम साहित्याची त्यांच्या अभ्यासक्रमाशी तुलना केली आणि अपेक्षेप्रमाणे वाटणी असमान निघाली. यात नवल नाही. एअरवे, अल्ट्रासाउंड, कार्डियाक अरेस्ट, थरारक प्रोसीजर यांच्यावर लिहायला सगळ्यांचे हात शिवशिवतात. म्हाताऱ्या माणसाची औषधांची यादी कशी कमी करायची, डिस्चार्ज समरी नीट कशी लिहायची, प्रेशर सोअर, यावर कोण थ्रेड लिहिणार? आणि लिहिला तर कोण वाचणार? पण परीक्षेतही हे येतं आणि पेशंटही यानेच मरतात. म्हणजे फीड हा अभ्यासक्रम नाही आणि कधीच होणार नाही, अभ्यासक्रम टेक्स्टबुकातूनच पूर्ण करावा लागतो, तोंड वाकडं करणाऱ्यांचं एवढं बरोबर आहे.

"पण मला बघितल्यावर कळतं कोणतं पेज चांगलं आहे." हे मी इतक्यांदा ऐकलंय. मेट्रिक नावाचा एक अभ्यासगट यावर काम करत होता, त्यांनी २०१७ मध्ये हेच तपासलं, की एकट्या माणसाच्या अंदाजावर शैक्षणिक ब्लॉगचा दर्जा ठरवता येतो का. नाही येत, एकाचं मत भरवशाचं नसतं, बऱ्याच जणांची मतं एकत्र केली तरच काहीतरी सांगता येतं. म्हणजे परत तेच, एकट्याने वरची पोस्ट वाचून ठरवू नका, खाली दहा लोक काय म्हणतायत बघा.

सर्जरीच्या व्हिडिओबद्दल मी बाहेरची, तरी बोलते, कारण ऑपरेशनच्या पडद्याच्या, पेशंटच्या डोक्याकडच्या बाजूला बसून मी पुष्कळ बघितलंय. पित्ताशय काढताना सुरक्षिततेसाठी जो व्ह्यू घ्यायचा असतो, क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी, तो स्ट्रासबर्गने १९९५ मध्ये सांगितलाय. पित्ताशयाच्या नळीजवळच्या त्रिकोणातली सगळी चरबी आणि तंतू साफ, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग लिव्हरपासून सुटा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत, मगच क्लिप. २०१७ मध्ये यूट्यूबवरचे या ऑपरेशनचे व्हिडिओ तपासले तर बहुतेकांत हा व्ह्यू नीट घेतलेलाच नव्हता. आणि मुलं आदल्या रात्री हेच बघून येतात. वर व्हिडिओ एडिट केलेला, जिथे रक्त आलं, जिथे सर्जन दहा मिनिटं अडकला, तो भाग कापलेला. म्हणजे जिथे शिकायचं होतं नेमकं तेच गायब.

पैशाचं एका वाक्यात उरकते: अमेरिकेत कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेले पैसे जाहीर करावे लागतात, आणि तिथल्या ट्विटरवर असलेल्या रक्त-कर्करोगतज्ज्ञांची नावं २०१७ मध्ये ताडून बघितली तर बहुतेकांना काही ना काही मिळालेलं होतं, तेव्हा नव्या औषधाचा थ्रेड वाचताना हे डोक्यात असू द्या.

पेशंटच्या खाजगीपणावर मात्र एका वाक्यात भागणार नाही. डोळ्यांवर काळी पट्टी मारली म्हणजे झालं असं अजून लोकांना वाटतं. अमेरिकेच्या हिपा कायद्यात ओळख पटवणाऱ्या १८ गोष्टींची यादी आहे, त्यात तारखा आहेत, चेहऱ्याचा पूर्ण फोटो आहे, ८९ च्या वरचं वय सुद्धा आहे, कारण इतक्या वयाचे लोकच कमी असतात. तुम्ही कुठल्याही देशात असा, ही यादी चेकलिस्ट म्हणून वापरा. नाव पुसलं पण "काल रात्री आमच्याकडे आलेली केस" असं लिहिलं, आणि तुमच्या प्रोफाइलवर हॉस्पिटलचं नाव आहे, मग उरलं काय? अपघात पेपरात आलेला असतो, गावातला प्रत्येक माणूस ओळखतो. टॅटू ओळखू येतात. एक्स-रेच्या कोपऱ्यातलं नाव प्रेझेंटेशनमध्ये क्रॉप केलं तरी फाइल पाठवली की समोरचा ते परत उघडू शकतो, हे कित्येकांना माहीत नसतं. आणि सगळ्यात साधी परीक्षा म्हणजे, पेशंटने किंवा त्याच्या मुलीने ही पोस्ट वाचली तर तिला कळेल का की हे आमचंच, आणि तुम्ही वापरलेले शब्द तिला कसे वाटतील? दुर्मिळ आजारात तर हे नक्की कळतं, कारण ते लोक स्वतःच्या आजाराबद्दल आपल्यापेक्षा जास्त शोधत असतात. संमती घ्या, लेखी घ्या, आणि उपचार चालू असताना नको, घाई नसते कसली. शिकवायला ताजी केसच लागते असं काही नाही, चार महिन्यांनी तपशील थोडे बदलून टाकली तरी धडा तोच राहतो, उलट तोपर्यंत शेवट काय झाला तेही माहीत झालेलं असतं.

आमच्या रेसिडेंटच्या ग्रुपवर मी यातून काही नियम केलेत. कुणीही केस टाकली की उत्तर त्याच दिवशी टाकायचं नाही, आधी प्रत्येकाने एक निदान आणि एक पुढची तपासणी लिहायची, चुकलं तर चुकलं. ज्याने केस टाकली त्याने शेवट सांगायलाच हवा, पेशंट गेला असेल तर तेही. पेपरचा स्क्रीनशॉट चालणार नाही, लिंक हवी, आणि लिंकसोबत स्वतःच्या शब्दांत एक आक्षेप. आक्षेपाशिवाय पेपर टाकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी राउंडवर त्याच पेपरवर बोलायला लावते, त्यामुळे आता सगळे आक्षेप शोधून आणतात. "सँपल साइज लहान आहे" हा आक्षेप धरला जात नाही.

सध्या काळजी वाटते ती वेगळीच. हे सगळं ज्या भांडणांवर उभं होतं ती भांडणंच कमी होतायत. ट्विटरवरून बरेच डॉक्टर उठून गेले, काही ब्लूस्कायवर, काही लिंक्डइनवर, काहींनी सोडूनच दिलं, त्यामुळे एकाच पेपरवर नेफ्रॉलॉजिस्ट, स्टॅटिस्टिक्सवाला आणि पेशंट एका जागी भांडतायत हे दृश्य दुर्मिळ झालं. फीड आता कुणाला फॉलो करता यावर कमी आणि कशावर थांबता यावर जास्त चालतं. आणि मुलं आता रील पाठवतात. नव्वद सेकंद, मागे म्युझिक, "हे औषध मृत्यू ३० टक्क्यांनी कमी करतं", आणि खाली कमेंटमध्ये काय, तर टाळ्यांचे इमोजी. ३० टक्के कशाचे, दहाचे सात झाले की हजाराचे सातशे, हे विचारणारा तिथे कुणी नाही, आणि विचारलं तरी उत्तर द्यायला रीलवाला बसलेला नाही. परवा असं एक रील ग्रुपवर आलं तेव्हा मी काहीच बोलले नाही, फक्त लिहिलं की मूळ ट्रायल शोधून टाका आणि कंट्रोल ग्रुपमधला (ते औषध न दिलेल्या गटातला) मृत्यूदर सांगा. अजून कुणी टाकलेली नाही. सोमवारपर्यंत वाट बघते.